पाणी पिणाऱ्या रिंगा

मी भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू? माझ्या लेथवर बनवलेल्या चाळीस रिंगा कारखान्याने परत पाठवल्या होत्या. वर शेरा, ‘खराब माल, वायू सोडतो.’ तीनशे अंशांच्या उष्णतेलाही दाद न देणारं प्लास्टिक ते! ज्या पोलादी पेटीतली सगळी हवा पंपाने उपसतात, तिच्या आत या रिंगा बसतात. असा शेरा एकदा बसला की पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. पंधरा वर्षांचं नाव मातीत!

खाली सही तपासणीच्या मॅडमची. माणसाच्या शब्दापेक्षा वजनकाट्यावर जास्त विश्वास, म्हणून सगळे त्यांना ‘काटेवाल्या मॅडम’ म्हणत.

“उचलली जीभ लावली टाळ्याला, असं चालत नाही,” मी दारातूनच सुरू झालो.

“बसा.”

“बसायला नाही आलो.”

“मग उभ्याने बोला. पेटीत हवा उरतेय, गळती कुठेच नाही. तुमचं कापायचं तेल रिंगांत मुरलं असणार.”

“तेल? मी थेंबभरही वापरत नाही! कोरडंच काम करतो. घरी बायको माझ्या कपड्यांवरच्या भुशाने शिंकून शिंकून हैराण असते, तिला विचारा.”

मॅडम उठल्या, मी सोबत आणलेल्या खोक्यातली एक रिंग भट्टीत चांगले चार तास भाजली, बंद बरणीत थंड केली, वजन घेतलं आणि टेबलावर उघडी ठेवली. तोवर मी बसलो होतो, काय करणार! तासाभराने पुन्हा वजन. आकडा वाढला होता.

“हवेतला ओलावा पितेय,” त्या म्हणाल्या. “पेटीत गेली की तोच बाहेर टाकणार.”

“म्हणजे माल चांगला?”

“चांगला. चूक माझी आहे. बसवण्याआधी आम्ही रिंगा भाजतो; भाजल्यावर लगेच बसवायच्या होत्या. आईला दवाखान्यात न्यायचं होतं, म्हणून फडक्याखाली झाकून गेले, त्या दोन दिवस तशाच राहिल्या. धूळ बसू नये एवढंच बघितलं. अक्कल गहाण टाकली होती!”

मला घेऊनच त्या साहेबांकडे गेल्या. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, “अहो, सोमवारी तुमच्या बढतीचा निर्णय आहे. आत्ताच कशाला? यांना दुसरं काहीतरी काम देऊ.”

मी मान खाली घातली. खरं सांगतो, दुसरं काम मी घेतलं असतं.

“यांच्या मालावर माझ्या सहीने डाग लागलाय,” मॅडम म्हणाल्या, “तो मीच पुसणार.” शेरा खोडून त्यांनी शेजारी लिहिलं, ‘माल उत्तम. हाताळणीत माझी चूक.’ सही केली. मग रिंगा पुन्हा भाजल्या, लगेच स्वतः बसवल्या आणि आतल्या हवेचा दाब खाली येईपर्यंत दोन दिवस पेटीपाशी ठाण मांडलं. दाब आला खाली.

बढती दुसऱ्याला मिळाली. मला लाजल्यासारखं झालं, भेटायला गेलो.

“मॅडम, माझ्यामुळे तुमचं...”

“तुमच्यामुळे कसलं? काम करा. पुढच्या साठ रिंगांचं ड्रॉइंग टेबलावर आहे. आणि डब्यावर ठळक लिहीत जा, ‘भाजल्यावर लगेच बसवा.’ माझ्यासारखी शहाणी माणसं सगळीकडे असतात.”