भीती, दहापैकी

आमचे हे गणिताचे मास्तर. सव्वीस वर्षं पाचवीला अपूर्णांक शिकवतायत आणि खोटं कशाला बोलू, शिकवतात झकास. पण ते व्हरांड्यातून नुसते चालत आले तरी वर्ग चिडीचूप होतो. गेल्या वर्षी दोन मुलींनी त्यांच्या धास्तीने शाळाच बदलली. मग मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून सरळ सांगितलं, "सर, यंदा पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर बसणार. मुलं मोकळी झाली तर पाचवी तुमची. नाहीतर प्रयोगशाळेची कपाटं सांभाळा."

पाचवी गेली तर हा माणूस खंगेल, हे मला माहीत होतं. म्हणून मीच मागे लागले, की जरा हसत जा. झालं. हे रोज दाढी करताना आरशात हसायचा सराव करायला लागले. दात दिसायचे, पण बाकीचा चेहरा त्या दातांना ओळखच द्यायचा नाही. वर वेळापत्रक केलं: स्मित दोन मिनिटं, विनोद एक मिनिट, विचारपूस चार मिनिटं. मी म्हटलं, "अहो, पोरांना हसायला वेळ ठेवलाय का?" त्यांनी पेन काढलं आणि अर्धं मिनिट वाढवलं.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये लाकडी फळ्यांची पडदी आहे, पलीकडचं सगळं ऐकू येतं आणि फटीतून दिसतंही. पहिल्या दिवशी स्मित कसंबसं पार पडलं. विनोदाला कुणी हसलं नाही, तर यांनी तो फळ्यावर पायऱ्या मांडून समजावला. मी कपाळाला हात लावला. पण खरी कमाल पुढेच होती.

"मोजल्याशिवाय कळणार कसं?" असं म्हणून त्यांनी कागद वाटले. "आपली भीती दहापैकी किती, ते लिहा. नाव घालून."

आता शाळेतल्या पोरांना दहापैकी म्हटल्यावर काय कळणार? जीव तोडून सगळ्यांनी पैकीच्या पैकी लिहिले. एका चिमुरडीने तेवढे दोन लिहिले. बिचारी खरंच मोकळी झाली असावी. यांनी तिचा कागद उचलला आणि सवयीने गरजले, "दोनच?" पोर रडायला लागली. रडत रडतच तिने दोन खोडून दहा लिहिले.

बाई मागच्या बाकावरून उठल्या आणि निघून गेल्या. दुपारी कपाटांच्या किल्ल्या यांच्या हातात आल्या.

संध्याकाळी हे नुसते बसून राहिले, चहा समोर गार झाला. मला वाईट वाटत होतं, आणि मेलं हसूही आवरत नव्हतं. मग म्हणाले, "मी कधी कुणावर हात उचलला नाही. मग घाबरतात कशाला? तुला वाटते का माझी भीती?"

"छे, भलतंच काय," मी म्हटलं. सगळ्या शिक्षकखोलीत यांची टर उडवणारी मी, मला कसली आलीय भीती.

"नीट विचार करून सांग." आवाज जरासाच चढला.

चोवीस वर्षांचा आमचा संसार. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं, मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते, हाताची घडी घालून.