चार माणसांचे वजन

रामचंद्र घाडीगावकर यांनी चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात लोखंडाचे वजन किलोत क्वचितच सांगितले असेल. लालबागमधील मोरेश्वर चाळीत, जिथे ते जन्मले आणि जिथे दुसऱ्या मजल्यावर आजही राहतात, घडवलेल्या वस्तूचे वजन माणसांत सांगण्याची रीत होती. दोन माणसांचा दरवाजा, आठ माणसांची चौकट, तीस माणसांचा गाडा. या मोजणीत वस्तू किती जड आहे हे तर कळेच, पण ती उचलायला किती जणांना हाक मारावी लागेल हेही कळे. आणि हाक मारली की माणसे येत. ती न येण्याची शक्यता या मोजणीत धरलेलीच नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी ते गिरणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून लागले. तीन वर्षांनी संप झाला आणि त्यांच्यासाठी ती गिरणी पुन्हा कधी उघडली नाही. मग खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे; आणि पुढे चौतीस वर्षे गल्लीतल्या सार्वजनिक गणपतीचे लोखंडकाम, म्हणजे मूर्तीची बैठक, विसर्जनाचा गाडा, मागची आरास तोलणाऱ्या चौकटी. त्या काळात त्यांनी जोडलेला एकही सांधा सुटला नाही. दोन वर्षांपूर्वी मंडळाने हे काम एका कंत्राटदाराला दिले. तो संगणकावर काढलेले आराखडे आणि ॲल्युमिनियमचे तयार खांब घेऊन आला. रामचंद्ररावांचा कोणी अपमान केला नाही. उलट व्यासपीठावर बोलावून त्यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आले. ज्याचा सत्कार होतो त्याला पुन्हा कामावर बोलावत नाहीत, हे त्यांच्या लक्षात यायला मात्र पुढचे वर्ष उजाडावे लागले.

म्हणूनच जेव्हा त्यांची मुलगी अपेक्षा एका रविवारी म्हणाली, "बाबा, गाडीच्या टपावर सामान ठेवायला कॅरियर हवाय. तुम्हीच करा," तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मुलगी केवळ प्रेमापोटी विचारते आहे की तिला खरोखरच गरज आहे, हे त्यांनी तिच्या चेहऱ्यावरून पाहून घेतले. गरज होती. अपेक्षा एका संस्थेसाठी सह्याद्रीतल्या झऱ्यांची नोंद ठेवते. संस्थेने तिच्या कामासाठी एक जुनी, उंच जीप घेतली होती. चारही चाकांना ताकद देणारी आणि रस्ता संपला तरी पुढे जाणारी. त्या जातीच्या गाडीचे तयार कॅरियर बाजारात मिळेनासे झाले होते.

"रस्ता नाही तिथं गाडी कशाला न्यायची?" रामचंद्ररावांनी विचारले.

"झरे रस्त्यावर नसतात, बाबा."

"मग चालत जायचं."

"चालतोच की. पण तंबू, मोजपट्ट्या, शिडी, ताडपत्री कोण वाहणार?"

"माणसं."

"तिथं माणसं नसतात हो. मी आणि स्वरूप, दोघंच असतो."

जिथे दोनच माणसे येतात असे काम कशा प्रकारचे असेल, याचे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहिले नाही. पण आकार आणि मापे त्यांना समजत होती. त्यांनी टपाची लांबी-रुंदी घेतली, कडेच्या पन्हळीत पाय कसे बसतील ते बोटांनी चाचपून पाहिले आणि सोमवारी चाळीच्या पटांगणात काम सुरू केले.

त्यांच्या कामाचा एक नियम होता. वर कोणीतरी चढणारच. हार घालणारा चढतो, दिवे लावणारा चढतो आणि विसर्जनाच्या दिवशी ज्यांचे वर काहीच काम नाही असे सगळे चढतात. म्हणून जो भार सांगितला असेल त्याच्या दुप्पट धरायचा. एका वर्षी अकरा जण गाड्यावर चढून नाचले आणि गाडा करकरलासुद्धा नाही. शाल-श्रीफळापेक्षा ही घटना त्यांना आपल्या हाताची खरी पावती वाटे. त्याच नियमाने त्यांनी दीड इंची अँगलच्या दोन चौकटी एकावर एक घेतल्या, खाली सात आडव्या पट्ट्या दिल्या, कोपऱ्यांना तिरके आधार आणि पन्हळीवर टेकायला सहा पाय. बुधवारी संध्याकाळी त्यावर तांबडा रंग चढला.

त्यांची पत्नी सुभद्रा गॅलरीतून वाकून पाहत होती. "ह्यां गाडयेर ठेवतल्यात की गाडी ह्याच्यार ठेवतल्यात?"

"तू वर जा गो," ते म्हणाले. पण ते हसत होते.

कॅरियर भिंतीशी सरकवायला मंडळाचे चार कार्यकर्ते आले. उचलताना एकाने विचारले, "काका, ह्याच्यावर मूर्ती किती फुटी बसवायची?"

"वीस फुटी बिनधास्त बसेल," दुसरा म्हणाला. "तो ॲल्युमिनियमवाला बघायला पाहिजे होता आज."

हे वाक्य रामचंद्ररावांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि मनात ठेवून दिले.

गुरुवारी सकाळी अपेक्षा आणि तिचा सहकारी स्वरूप जीप घेऊन आले. निघायचे होते शुक्रवारी सकाळी. स्वरूप गिरगावचा, तिशीतला, बोलण्याआधी विचार करणारा तरुण. त्याने कॅरियरभोवती एक फेरी मारली, एका सांध्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाला, "वेल्डिंग एकदम साफ आहे, काका." मग थोडे थांबून, "वजन किती असेल?"

"चार माणसांचं."

"म्हणजे?"

"म्हणजे चार माणसांनी उचललं. काल इथंच."

"किलोत किती, बाबा?" अपेक्षाने विचारले. तिने गाडीतली पुस्तिका काढली, पाने उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले. "चालत्या गाडीच्या टपावर जास्तीत जास्त पंचाहत्तर किलो. कॅरियर धरून."

"पंचाहत्तर म्हणजे एक माणूस," रामचंद्रराव म्हणाले. "एवढी दांडगी गाडी टपावर एका माणसाचा भार घेत नाही?"

कॅरियर जीपवर बांधून तिघे कॉटन ग्रीनला एका भंगाराच्या गोदामात गेले, कारण एवढा मोठा काटा जवळपास तिथेच होता. मोडके पंखे आणि कापलेली पिंपे बाजूला सारून नव्या तांबड्या रंगाची ती चौकट काट्यावर ठेवली गेली. काट्यावरचा माणूस आश्चर्याने म्हणाला, "नवाच दिसतोय. मोडीत घालताय?" आकडा आला, एक्याऐंशी.

रामचंद्ररावांनी तो पुन्हा वाचला. यात चूक कुठे आहे हे त्यांना शोधता येईना. मोजमाप बरोबर होते, सांधे बरोबर होते, लोखंड चांगले होते. चांगल्या आणि चांगल्याची बेरीज केल्यावर उत्तर चुकीचे येत होते.

स्वरूपने समजावण्याचा प्रयत्न केला. "काका, डोक्यावर भरलेला हंडा घेऊन उतारावरून आडवं चालून बघा. सपाटीवर काही वाटत नाही. उतारावर तोच हंडा तुम्हाला पाडतो. गाडी तशी आडवी कलते तिकडे."

"गाडापण कलतो वळणावर," ते म्हणाले. "दोन्ही बाजूंनी दोर बांधायचे. पन्नास पन्नास जण धरतात."

"धरणार कोण, काका?"

तेव्हा अपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "राहू दे, बाबा. या खेपेला सामान आतच कोंबू. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, तेच खूप झालं."

त्या वाक्यातला मऊपणा त्यांनी ओळखला. दोन वर्षांपूर्वी व्यासपीठावरून तो ऐकू आला होता. जीप उद्या कॅरियरशिवाय गेली, तर आपल्या हाताला काम सांगणारे शेवटचे माणूसही गेले, हे त्यांना लखलखीत कळले. त्या दिवशी त्यांना स्पष्ट कळलेली तेवढी एकच गोष्ट होती.

"संध्याकाळपर्यंत कापून देतो," ते म्हणाले.

पण कापायचे काय? पटांगणात परतल्यावर ते खडू घेऊन कॅरियरपुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ एकही खूण करू शकले नाहीत. शेवटी अपेक्षा शेजारी येऊन बसली.

"हा तिरका आधार कशासाठी?"

"वर चढताना कोणी पाय दिला तर."

"कोणी चढणार नाही, बाबा."

त्यांनी खडूची रेघ मारली.

"आणि ही वरची चौकट?"

"पोरं लोंबकळतात ना."

"पोरं कुठली तिथं?"

रेघ.

"हा मागचा दांडा?"

"मागून धरून चालणाऱ्याला."

"मागून कोणी चालत नाही."

तिचे प्रत्येक उत्तर सरळ होते आणि ते खोटे असण्याचे काही कारण नव्हते. पण सगळी उत्तरे एकत्र धरली की जे शिल्लक राही त्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. जिच्यावर कोणी चढत नाही, जिला कोणी धरत नाही, जी ढकलायला कोणी येत नाही, अशी वस्तू कोणासाठी करायची? त्यांनी मुलीकडे पाहिले. ती दुःखी नव्हती. उद्याच्या प्रवासाची उत्सुकता तिच्या चेहऱ्यावर दिसत होती. मग कीव कोणाची करावी, तिची की स्वतःची, की कीव करण्याजोगे यात काहीच नाही, हे त्यांना ठरवता आले नाही. त्यांनी चष्मा चढवला आणि ग्राइंडर चालू केला. वरची पूर्ण चौकट गेली, चार आडव्या पट्ट्या गेल्या, सगळे तिरके आधार गेले. कापलेली टोके त्यांनी कानशीने घासून गुळगुळीत केली.

उरलेले कॅरियर बापलेकीने मिळून उचलले. दोन माणसांचे.

पुन्हा काट्यावर नेले तेव्हा ते एकोणचाळीस भरले. स्वरूपने पुस्तिकेच्या मागच्या पानावर सामानाचे तीस किलो मिळवले आणि समाधानाने मान हलवली. मग सामान लादून, जीप गोदीमागच्या दगडी रस्त्यावर चालवून पाहायचे ठरले. ट्रकांनी उखडलेला तो रस्ता परीक्षेला पुरेसा वाईट होता. अपेक्षा चालवत होती. रामचंद्रराव मागे, कान वर लावून बसले होते.

शंभर पावलांतच टपावरून आवाज येऊ लागला. टक्, टक्, मग थोडी शांतता, पुन्हा टक्.

"थांब!"

ते उतरले, मागच्या चाकावर पाय देऊन वर चढले, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक नटबोल्ट हाताने हलवून पाहिला. काही सैल नव्हते. गाडी पुढे निघाली, आवाज सुरू झाला. पुन्हा थांबवली, पुन्हा पाहिले. तिसऱ्यांदा ते खाली उतरले तेव्हा दम लागला होता.

"थोडं वाजणारच, काका," स्वरूप म्हणाला. "पातळ झालंय, म्हणून थोडं लवतं. लवतं म्हणून तुटत नाही."

आयुष्यभर त्यांच्या लेखी आवाजाचा अर्थ एकच होता, कुठेतरी काही सुटते आहे. आता हा मुलगा म्हणत होता की याच आवाजाचा अर्थ सगळे ठीक आहे. तो खरे बोलतो आहे की म्हाताऱ्याची समजूत काढतो आहे?

अपेक्षाने इंजिन बंद केले. "बाबा, तुम्ही सांगा. लावून नेऊ की काढून ठेवू? तुम्ही नको म्हणालात तर नको."

तिने खरोखरच त्यांच्या शब्दावर सोडले होते. 'ने' म्हटले तर आपली लाज राखली जाईल, हे त्यांना दिसत होते. आणि ज्या उतारावर ही गाडी कलेल तिथे आपली मुलगी आत बसलेली असेल, हेही दिसत होते. आपला होकार या दोहोंपैकी कशातून येतो आहे हे त्यांनी स्वतःला विचारले. एरवी अशा वेळी ते ठणकावून काहीतरी सांगत आणि लोक मानत.

"मला कळत नाही, बाय," ते म्हणाले.

समोरून एक लांबलचक ट्रक सावकाश निघून गेला.

"काय कळतंय तेवढं सांगा," अपेक्षा म्हणाली.

त्यांनी कॅरियरच्या एका पायावर हात ठेवला. "सांधा एकही सुटणार नाही. ते मी सांगतो. लोखंड तुटणार नाही, तीस किलोला तर नाहीच. गाडी किती कलते, वर किती असलेलं तिला चालतं, ते मला माहीत नाही. या आवाजाचंही माहीत नाही."

"कलण्याचं माझं मला माहीत आहे," ती म्हणाली. "पाच वर्षं चालवतेय. मला सांध्यांचंच हवं होतं."

"आणि आवाज?"

"आवाजाचं आपल्याला दोघांनाही माहीत नाही. दर मुक्कामाला बघेन. तुम्ही कसं बघितलंत, हात लावून, तसं."

मग त्या दगडी रस्त्याच्या कडेला त्यांनी तिला वर चढवले आणि नट कुठे बोटांनी चाचपायचा, सांध्यावर केसासारखी रेघ दिसली तर ती कशी ओळखायची, पान्याला किती जोर द्यायचा आणि कुठे थांबायचे, ते एकेक करून दाखवले. स्वरूप खाली उभा राहून लक्ष देत होता.

शुक्रवारी सकाळी सामान बांधून जीप चाळीसमोरून निघाली. गल्लीतल्या पहिल्याच गतिरोधकावर टपावरून टक् असा आवाज आला. रामचंद्रराव नकळत दोन पावले पुढे गेले आणि थांबले.

"वाजता मां तां?" सुभद्रेने गॅलरीतून विचारले.

"वाजणारच, म्हणतात."

"ते म्हणतत. तुमका काय वाटता?"

त्यांनी वर पाहिले. मग पटांगणात पडलेले कापलेले तुकडे ते लांबीप्रमाणे भिंतीशी लावू लागले.