आक्षेप असल्यास

आमचे हे, त्र्यंबक घोलप, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये उभा जन्म लोकांचं रक्त तपासत आले. पण स्वतःचं रक्त कशाने उसळतं, ते त्यांना कधी कळलं नाही. ते मला तपासावं लागतं.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे, तीन पिढ्यांचे प्रेस्बिटेरियन ख्रिश्चन. तिकडे चर्चमध्ये पेटी होती, ढोलकी होती, नाताळात घरोघर गाणी होती. इथे ओहायोत, डब्लिनला आलो आणि ह्यांना एका चर्चची एवढीशी मंडळी सापडली, जुन्या स्कॉटिश वळणाची. मंडळीचं मस्तक ख्रिस्त, राजा नव्हे, एवढ्या एका गोष्टीपायी त्यांचे पूर्वज डोंगरात लपून उपासना करत, फासावरही गेले. हे ती हकिकत अशी सांगतात, की जणू कांबळं पांघरून पहारा ह्यांनीच दिला होता! उपासनेत शास्त्र, म्हणजे बायबल, सांगेल तेवढंच. म्हणून गायची ती फक्त त्यातली स्तोत्रं, वाद्य नाही आणि नाताळही नाही, कारण तो पाळा असं शास्त्रात कुठे लिहिलंय? वाद्य नसल्यामुळे सूर ह्यांनी लावायचा आणि बाकीच्यांनी मागून यायचं. तेवढ्या मानाने माझं पोट भरलं असतं. ह्यांना एल्डर व्हायचं होतं, चर्चच्या पाळकांबरोबर मंडळीचा कारभार बघणारा वडील.

२००६ साली एक जागा रिकामी झाली. मंडळीने मतं दिली आणि निवडून आला यतीन. नागपूरचा, आयटीतला, हिंदू घरात वाढलेला मुलगा. सुराशी तर त्याचं वैरच.

"कालचा पोरगा!" हे गाडीत ओरडले. "आम्ही तीन पिढ्या घासल्या आणि निवडला कोणाला?"

तेव्हापासून नावडतीचं मीठ अळणी. यतीनने लांब प्रार्थना केली तर "लेक्चर देतो", छोटी केली तर "येतंय कुठे त्याला!" मला हसू यायचं आणि रागही यायचा.

डिसेंबरात त्याच्याकडे डबा द्यायला गेलो, तर घरी कोणी नव्हतं, पण खिडकीत लाल कागदी तारा. नाताळचा! आत दिवासुद्धा. ह्यांचा चेहरा इतका खुलला, की मला भीती वाटली.

एल्डरला दीक्षा देण्याआधी पाळक सगळ्यांसमोर विचारतात, ह्या माणसाच्या वागणुकीवर किंवा विश्वासावर कोणाचा आक्षेप आहे का? आजवर कोणी उठलं नव्हतं. हे उठले. ताऱ्याचं सांगितलं.

यतीन उभा राहिला. म्हणाला, खरं आहे. बाप्तिस्मा घेतल्यापासून आई माझ्याशी बोलत नव्हती. ह्या वर्षी आपणहून आली. येताना नागपूरहून तारा घेऊन आली. तुझा सण आहे ना, म्हणाली, आणि स्वतः स्टुलावर चढून लावला. आम्ही नाताळ पाळत नाही, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. तो मी उतरवणार नाही. माझं नाव मागे घ्या.

पाळकांनी त्याला समजावलं, पण तो ऐकेना. बाहेर पार्किंगमध्ये ह्यांच्याजवळ येऊन म्हणाला, "काका, रागावलो नाही हं मी. आईला भेटायला या ना. तिला कोणीतरी मराठी ख्रिश्चन बघायचाय."

हे गेले नाहीत. जानेवारीत पुन्हा मतं झाली आणि हे निवडून आले. मी शेवयांची खीर केली. ह्यांनी वाटी पुढ्यात ओढली आणि तशीच ठेवली.

"यतीनची आई आहे अजून?"

"मार्चपर्यंत आहे."

सासूबाई एकदाच आल्या होत्या अमेरिकेला, त्याही डिसेंबरातच. त्यांनीही कोल्हापूरहून तारा आणला होता. ह्यांनी त्यांना शास्त्र उघडून दाखवलं आणि तारा परत बॅगेत ठेवायला लावला. पुढच्या वर्षी त्या वारल्या.

"नशीबवान लेकाचा," हे म्हणाले. आवाजात तीच जळजळ होती, मतं मोजली त्या दिवशीची. मी खीर परत गरम करून आणली, पण ह्यांनी काही ती खाल्ली नाही.