समुद्रापारची रास

हरभऱ्याने भरलेली ट्रॉली वहिनी मंडीतून तशीच परत घेऊन आली, त्या दिवशी मी पनागरला, आमच्या गावीच होतो. विकायला नेलेला माल न विकता घरी आला, असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं. दादा रांझीच्या कारखान्यात नोकरीला, रोज मोटरसायकलने जाऊन-येऊन करतो. शेती सगळी वहिनीच्या हातात. मी शहरात, चेरीतालला राहतो, कॉलेजात शिकवतो, आणि शेतावर जातो तो बहुतेक ओला हरभरा खायलाच.

ती आधी पाणी प्यायली. मग म्हणाली, "भाव ऐकला तं वाटलं, व्यापारी चेष्टा करून राहिला. म्हणे, विदेशी मटर आ गया है दीदी, बेसनवाले वही उठा रहे हैं."

परदेशातून जहाजांनी पिवळा वाटाणा येऊन राहिला होता. दळला की बेसनासारखाच दिसतो, आणि हरभऱ्याहून स्वस्त. हे मी पेपरात वाचलेलं होतं. वाचून पान उलटलेलंही होतं.

"भाऊजी, मला तो वाटाणा पाहायचा आहे."

"काहून?"

"ज्यानं हरवलं, त्याचं तोंड तं पाहू द्या."

चेरीतालच्या आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याची शहराबाहेर डाळमिल आहे. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला स्कूटरवर बसवून तिकडे नेलं. शेजारी गोदामाचं शटर वर करत म्हणाला, "देख लीजिए दीदी, कल ही आया है."

आत पोती नव्हती. मोकळा वाटाणा, जमिनीपासून पार पत्र्यापर्यंत. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि त्या उन्हात सबंध ढीग हळदीच्या डोंगरासारखा उजळला होता. पायथ्याशी एक मजूर फावड्याने वाटाणा ओढत होता, तो एवढासा दिसत होता. तो ओढायचा, आणि वरून तेवढेच दाणे सरसर खाली यायचे. डोंगर होता तेवढाच.

वहिनीने दारातच चपला काढल्या.

मला वाटलं, खडा टोचला असेल. पण ती अनवाणी आत गेली, वाकली, ढिगाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. खळ्यात लावतात तसा.

"अरे दीदी, ये तो बाहर का माल है," शेजारी गोंधळून म्हणाला.

"रास आहे भैया," ती म्हणाली. "किसी ने तो उगाई है."

मग त्यानेही बूट काढले. मग मीही.

तिने ओंजळ भरून घेतली, उन्हात धरली. सगळे दाणे एका मापाचे. किती लांबून आले, कोणी पेरले, ती विचारत गेली आणि शेजारी सांगत गेला. तिकडे एकेका शेतकऱ्याची जमीन एवढी, की आपल्याकडची कितीतरी गावं तीत मावतील. पेरणी-कापणी सगळी यंत्रावर. शहरात डाळ महागू नये म्हणून इकडच्या सरकारने वाटाण्यावरचा आयात कर काढून टाकलेला. "मैं न लूँ तो दूसरा लेगा, दीदी," तो खाली मान घालून म्हणाला.

"म्हणजे तुमच्यासाठीच आला हा, भाऊजी," वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली. टोमणा नव्हता त्यात.

परतताना ती स्कूटरवर मागून म्हणाली, "तिकडच्या त्या माणसाशी माझं भांडण नाही. पीक चांगलं आहे त्याचं. पण शंकरपटाच्या शर्यतीत एक बैलजोडी अर्ध्या वाटेवर उभी करायची अन् दुसरी पार मागे, याला पट म्हणते का कोणी?"

मी इतकी वर्षं अर्थशास्त्र शिकवतोय. इतकं सोपं करून ते मी कधी सांगितलं नव्हतं.

हरभरा शेवटी मिळेल त्या भावाने द्यावा लागला. पावसाळा सरल्यावर वहिनीने अर्ध्या रानात हरभरा ठेवला आणि अर्ध्यात हिरवा मटर पेरला. "शेंग जहाजात टिकत नाही," एवढंच म्हणाली.

तोडणीला मी गेलो होतो. धुक्यात बायकांच्या ओळी वाकलेल्या, दिसत कोणीच नव्हतं, नुसत्या शेंगा तुटण्याचा आवाज सगळ्या रानातून येत होता. ऊन चढलं तसं धुकं फाटलं आणि मी थक्क झालो. आमचंच नाही, रस्त्यापर्यंतचं प्रत्येक शेत मटरचं होतं. सगळ्यांनाच तीच युक्ती सुचली होती. मंडीच्या रस्त्यावर हिरव्या पोत्यांच्या गाड्यांची रांग लागली, आणि आठवडाभरात भाव उतरला.

मला धसका बसला. वहिनी म्हणाली, "पडला तं पडला. पण हा काहून पडला ते मला बांधावरून दिसते. अन् ज्याच्यामुळं पडला, त्याच्याशी बोलताही येते."

त्याच संध्याकाळी ती शेजारच्या शेतांवर गेली. कोणी हसलं, कोणी चहा पाजला. दोन घरांनी साफ नाही म्हटलं. बाकीच्यांशी तिने ठरवून टाकलं की सगळ्यांनी एकाच दिवशी तोडायचं नाही, पाळी लावायची. भाव काही फार चढला नाही, पण घसरायचा थांबला.

पहिली पाळी तिने दुसऱ्यांना दिली. आमच्या उरलेल्या शेंगा दोन दिवस वेलीवर तशाच राहिल्या, आणि ती रोज सकाळी एक सोलून, दाणा कडक तं नाही झाला, ते दाताखाली धरून पाहत होती.