टीममामांनी आणलेला जावई

टीममामा माणसाचं तोंड शेवटी बघायचे. आधी पाय. औरादच्या बाजारात कोणी राम राम घालत समोरून आला, की यांची नजर त्याच्या पोटऱ्यांवर. तिथून गुडघा, मग मांडी. असं वर चढत तोंडापर्यंत पोचेस्तोवर तो माणूस पुढं निघून गेलेला असायचा. लोक म्हणायचे, म्हातारा माजलाय, ओळख देत नाही. माज कसला? गावाची कबड्डीची टीम बुडत होती, आणि ती वर काढायच्या नादात त्यांना दुसरं काही दिसत नव्हतं. ते माझे सासरे. सारं गाव त्यांना टीममामा म्हणायचं, मी नुसतं मामा.

हैदराबादचं राज्य होतं तेव्हा ही टीम आख्ख्या भागात गाजलेली होती. मामा कप्तान. पण चढाई करणारे तिचे खरे गडी उदगीरकडच्या खेड्यांतले. मग राज्यं वेगळी झाली. औराद म्हैसूरात आलं, उदगीर तिकडं मुंबई राज्यात गेलं. जत्रेच्या पंचांनी ठरवलं, ज्या गावाची टीम त्याच गावाचे गडी, सरहद्दीपलीकडचा चालणार नाही. मामा म्हणायचे, "सरकारनं रेघ कुठं बी मारावी. माझ्या टीमच्या मधूनच कामून मारली?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की पुढं मला त्याचा राग यायला लागला.

आमच्याकडं कबड्डीची जत्रा श्रावणातली. तिचे नियम पंचांचे. ज्या वाड्या-तांड्यांना स्वतःची टीम नाही, तिथली पोरं दिवाळीच्या पाडव्याला देवळापुढं उभी राहायची आणि टीमवाले एकेकाला हाक मारून आपल्यात घ्यायचे. मागच्या साली जो तळाला, त्याची पहिली हाक. पण सलग तीन सालं तळाला राहिला, की त्याची टीमच मोडायची. मग त्या गावची पोरंसुद्धा देवळापुढच्या रांगेत उभी. मामांची दोन सालं तळाला गेली होती. पहिल्या हाकेला त्यांनी एक तांड्यावरचा गडी घेतला, हरणासारखा. तो पोलिसात भरती होऊन गुलबर्ग्याला गेला. दुसऱ्या साली घेतलेला हैदराबादला रिक्षा ओढायला गेला. मामा म्हणाले, "पोटापुढं कोणती टीम टिकतीय? जाऊ द्या."

आता एकच वाट उरली होती. पंचांना जावई चालायचा. नुसता पाव्हणा म्हणून आलेला नव्हे. ज्यानं सासऱ्याच्या गावात राहून मृगाची पेरणी केली, तो गावचा गडी. ही रीत जुनी, आणि सरहद्द तिला आडवी येत नव्हती.

मी उदगीरकडच्या एका खेड्यातला. आम्ही तिघं भाऊ, जमीन एका भावापुरती. त्या हिवाळ्यात मी माझ्या गावच्या जत्रेत खेळलो, तर सामना संपल्यावर एक धोतरवाला बाबा येऊन माझी पोटरी दाबायला लागला. मला वाटलं, बैल बघायला आलेला माणूस चुकून इकडं आला.

"दम किती टिकतो रे तुझा?"

"तुमाला काय करायचंय?"

"लगीन झालंय का?"

"न्हाई."

"माझी लेक हाय. घरजावई यायचं, पण मृगाच्या आत."

मुलगी दाखवायच्या दिवशी मी तिला बघितलं नाही तेवढं मामांनी मला बघितलं. सगळ्यांसमोर मला वाड्याभोवती पळायला लावलं. सुबी, म्हणजे सुभद्रा, दाराआडून म्हणाली, "अप्पा, त्यांचं नाव तरी इचारलाव का?" खरंच विचारलं नव्हतं. मी त्याच क्षणी हो म्हणालो. जमिनीसाठी नव्हे, टीमसाठी तर अजिबात नव्हे.

वैशाखात लग्न झालं आणि मामांची पहिली अडचण झाली. तोवर मला ते अरे-तुरे करायचे. आता मी जावई. सकाळी मैदानावर बाकीच्या पोरांना ते आईबापावरून शिव्या घालायचे आणि माझ्याकडं वळले की आवाज खाली यायचा. "जावई, जरा गुडघा वाकवून घेता का? तसदी होत असली तर ऱ्हाऊ द्या." पोरं खाली माना घालून हसायची. मी आळशी होतो असं नाही, पण ज्याला कोणी बोलत नाही तो गडी सुस्तावतोच. तरी मृगात मी पेरणी केली. पंच येऊन माझ्या हातात पाभर बघून गेले. मामा त्या दिवशी बांधावर बसून रडले.

आणि त्या साली श्रावण अधिक आला. धोंड्याचा महिना.

ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे घालायचे, वर तूप, वर अनारसे. आणि मी गावातच राहणारा नवा जावई. सासूबाईंनी घातलं. मग भावकीनं घातलं. मग ज्यांची भावकी नाही त्यांनी घातलं, कारण टीम सगळ्या गावाची, तर जावईही सगळ्या गावाचा. आमच्या जत्रेत वजन करून खेळायला उभं करायचे, जास्त भरला तो बाहेर. हे मामांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. पण पाटावर बसलेल्या जावयानं ताटाला नको म्हणायचं कसं? मी एका घरी म्हटलं, तर त्या घरची म्हातारी दोन दिवस जेवली नाही.

मामा माझ्या मागं मागं घरोघर यायचे. चुलीपुढं हात जोडून म्हणायचे, "अक्का, एकच वाढ गं. पाया पडतो."

"टीममामा, सरका बाजूला. आधी जावाई हाय, मग तुमचा गडी."

"अगं, काटा हाय जत्रेत!"

"मग काट्याला बी घालू धोंडा एक. बसा तुमी बी."

आणि ते बसायचे. कारण व्याह्या-पाव्हण्यांत जावई जेवताना सासरा उपाशी उभा राहिला, तर ते आणखी वाईट.

अधिक संपला तेव्हा माझी विजार बसेना. मामांनी मग जे केलं ते शत्रूलाही करू नये. भर उन्हात मला घोंगड्या गुंडाळून पळवलं. पाणी बंद केलं. सुबी चोरून लिंबाची फोड द्यायची, ती त्यांनी तिच्या हातातून काढून घेतली. "लेकी, एवढे दिस. मग जलमभर घाल त्यांना." मला चक्कर येऊन मी मुरमात पडलो, तर म्हाताऱ्यानं मला उठवलं नाही. शेजारी बसून म्हणाला, "जावई, माफ करा. पण उठा." त्यांचं तोंड बघवत नव्हतं. आपला माणूस पाण्यात बुडतोय आणि आपल्याला पोहता येत नाही, असं काहीतरी.

जत्रेत अडतीवरचा ज्वारीचा काटा आणलेला. एका पारड्यात मापं, दुसऱ्यात मी. माझं पारडं खाली गेलं. मामांनी माझा सदरा काढायला लावला. नाही. केस कापून टाकले तिथंच, मेंढरं कातरायच्या कात्रीनं. नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या कमरेचा करदोटा तोडला. जो मेल्यावरच तोडायचा, तो करदोटा जित्या जावयाचा सासऱ्यानं तोडला, बाया तोंडावर पदर घेऊन बघत होत्या. पारडं हललं, पण वर आलं नाही.

पंच म्हणाले, "मामा, बस करा आता."

मामा म्हणाले, "फुकून बघा की एकदा. वारा तरी लागू द्या काट्याला."

कोणी हसलं नाही.

मी बाहेर बसून सामने बघितले. आमची पोरं जीव तोडून खेळली आणि हरली. शेवटच्या चढाईला आमचा गडी मधल्या रेघेपासून हातभर अंतरावर दम सुटून पडला. तीन सालं पुरी झाली. टीम मोडली.

घरी आलो तर सुबीनं चुलीपुढून बापाला विचारलं, "टीमसाठी नवरा आणलाव. आता टीम न्हाई. मग हे माघारी द्यायचेत का?"

मामांनी डोक्याचा पटका काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "न्हाई. तू ठिवून घे."

तेवढंच. त्या घरात ह्या गोष्टीवर पुन्हा कोणी बोललं नाही. मला वाटलं होतं, आता म्हातारा माझं तोंड बघणार नाही. झालं उलटं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आता भाकर पोटभर खा," आणि माझ्याबरोबर शेतावर आले.

पाडव्याला गावची पोरं दुसऱ्यांच्या हाकेला उभी राहणार होती. मला वाटलं, मामा जायचे नाहीत. ते गेले. पोरांच्या रांगेपुढं उभे राहून दुसऱ्या टीमवाल्यांना एकेक पोर समजावून द्यायला लागले. "हा डाव्या कोपऱ्यात ठेवा, उजवीकडं बावचळतो. ह्याला शिव्या देऊ नका, रडतो. हा घरचा गरीब हाय, खेळून झाल्यावर आधी ह्याला जेवू घाला." पोरं गेली. मैदानाच्या रेघा पावसानं गेल्या, आणि पुढं तिथं कडब्याच्या गंज्या रचायला लागले. मामा तिकडून जायचं टाळायचे, लांबून वळसा घालून शेताला जायचे.

ते वारले तेव्हा तीच पोरं, आता बाप झालेली, वेगवेगळ्या गावांहून आली. अंगणात वेगवेगळी उभी राहिली. एकमेकांविरुद्ध खेळून खेळून त्यांची आपसात भांडणं झालेली. ज्या माणसाला टीम करायची होती, त्याच्या अंगणात दोन गडी एका जागी उभे राहिले नाहीत. मी ते बघितलं आणि मला मामांसाठी पहिल्यांदा रडू आलं.

यंदा सुबी गेली. पोटात दुखतंय म्हणाली आणि महिन्यात संपलं. तेराव्याला उदगीरकडून माझा धाकटा भाऊ आला. जेवणं झाल्यावर म्हणाला, "दादा, चल घरला. ज्यानं आणलं तो न्हाई, जिच्यासाठी ऱ्हायलास ती बी न्हाई. आता इथं कामून बसायलास?"

खरंच, कशासाठी आणलं होतं मला ह्या गावात? ते तर त्याच साली बुडालं. मी म्हटलं, बघू.

तेवढ्यात दारात शेजारचा म्हातारा काठी टेकत आला. माझ्याहून मोठा, डोळ्यांनी अधू. त्यानं आत तोंड घालून विचारलं, "दाजी हाव का घरी?"

सारं गाव मला दाजी म्हणतं. बहिणीचा नवरा म्हणून. बहीण गेली, तरी म्हणतंच आहे.

"हाय," मी म्हटलं. "या."