कहरुब्याच्या मण्यातला किडा

मी सरकारी दवाखान्यातला कारकून आणि माझ्याच मुलीच्या गळ्यात काविळीचा मणी! आमच्या गोऱ्या डॉक्टरसाहेबांना हे कळलं तर ते काय म्हणतील, याची त्या दिवसांत मला सारखी धास्ती होती.

तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, इकडे अमरावतीत कापसाला सोन्याचा भाव. गाड्यांच्या रांगांतून वाट काढून दवाखाना गाठावा लागे आणि कापसाचे तंतू भाकरीतसुद्धा निघत. त्या गर्दीत परतवाड्याच्या छावणीकडला एक अत्तरवाला आमच्या ओसरीवर आला. मधाच्या रंगाचा एक मणी त्यानं बाहीवर खसाखसा घासला आणि खाली पडलेल्या कापसाजवळ नेला. पुंजका उडून मण्याला चिकटला. "कहरुबा है बाई, पीलापन भी ऐसेच खींच लेता," तो म्हणाला. बायकोनं घासाघीस न करता मणी घेतला. अट एकच होती. पिवळेपणा गेल्यावरही आठ दिवस तो गळ्यातून काढायचा नाही.

आमची आधीची दोन मुलं गेली होती. ही तिसरी, चार वर्षांची. डोळे हळद लावल्यासारखे, अन्नावर वासना नाही. मी दवाखान्यातून औषध आणलं होतं, पण त्याला दारूचा वास येतो म्हणून बायकोनं ते परसात ओतून दिलं. मी भांडलो नाही. खरं सांगायचं तर मला औषधाचाही भरवसा वाटत नव्हता आणि मण्याचाही.

दुसऱ्या दिवशी तिला मांडीवर घेऊन बसलो असता मण्यात काहीतरी काळं दिसलं. मणी उजेडाकडे धरला तर आत एक किडा! ज्वारीच्या दाण्याहून लहान अंग आणि भोवती केसासारखे लांबलचक पाय. विहिरीच्या ओलसर भिंतीला असले किडे पुंजक्यानं बसतात आणि फुंकर घातली की सगळे मिळून थरथरतात. आम्ही त्यांना कोळीच म्हणायचो.

साहेबांना किड्यांचा नाद होता. माझा हात स्थिर म्हणून त्यांच्या किड्यांची चित्रं मीच काढत असे. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही. दुसऱ्या दिवशी मी मण्यातल्या किड्याचं बोलून गेलो. साहेब खुर्चीवरून उठलेच. कहरुबा म्हणजे युगांपूर्वीच्या झाडांचा गोठलेला डिंक, आणि किडाही तेवढाच जुना, असं म्हणाले. मणी आणायला सांगितलं. मी थाप मारली, की मणी एका ओळखीच्याचा आहे, तो देत नाही, पण चित्र काढू देईल. चित्र विलायतेच्या टपालानं पाठवायचं ठरवून साहेबांनी आपलं भिंग माझ्या हातात ठेवलं.

घरी बायकोला विचारून पाहिलं. "एका दिवसाकरता देतेस काय?"

"मणी गयातून निंगनार नाई," ती म्हणाली. "पोरगी तुमची हाय का त्या सायबाची?"

मग रोज दुपारी पोर निजली की मी तिच्याशेजारी पालथा पडून चित्र काढू लागलो. साहेबांना कळायला हवं होतं की हा कोळी आहे की दुसरा कोणी. कोळ्याला कंबर असते, अंगाचे दोन भाग असतात. याचं अंग एकसंध, पोटावर वळ्या. पाय आठ, त्यांतली दुसरी जोडी सगळ्यांत लांब. पोरीचा श्वास वर आला की मणी वर यायचा आणि रेघ चुकायची. दोन श्वासांच्या मध्ये जेवढं दिसेल तेवढं टिपायचं. मी पुरता झपाटलो होतो. टपाल जायच्या आत चित्र पुरं होईल की नाही, थाप उघडी पडेल की काय, हीच काळजी. सहाव्या दिवशी डोळे सापडले. पाठीवर मधोमध एक उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा. मी आनंदानं मांडीवर थाप मारली तर पोर दचकून उठली.

साहेबांनी चित्र पाहिलं आणि डोळे पाहून ते खूश झाले. हा कोळी नव्हे, कोळ्याचा चुलत भाऊ, असं सांगून त्यांनी लिहायला घेतलं. मग भिंग लावून म्हणाले, इथे रेघ हललेली का दिसते?

"श्वासानं," माझ्या तोंडून गेलं.

"किसकी साँस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी लेखणी खाली ठेवली.

"और लड़की की आँखें? आज कैसी हैं?"

 मला सांगता येईना.

साहेबांनी टोपी उचलली आणि माझ्याबरोबर घरी आले. पोर अंगणात उन्हात बसून भाकरीचा तुकडा चावत होती. साहेबांनी तिची पापणी खाली ओढून पाहिलं, मग दुसरी. डोळे पांढरे स्वच्छ होते.

"कब से?" त्यांनी मला विचारलं. मी दाराकडे पाहिलं.

"परवापासून," बायको दाराआडून म्हणाली. "सांगाले आली होती मी. तुमी त्या भिंगातून डोकं वर काढलंच नाई."