फ्री पेजची रांग

हसणारच आहात, तर आधी तोंडातला चहा गिळून घ्या. स्वतःच्या हुशारीचं मी गावजेवण कसं घातलं, ते सांगतो.

मी कर्नलवर काम करतो. सैन्यातला कर्नल नव्हे, कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. त्याच्या ताब्यात मेमरीचे तुकडे असतात, त्यांना पेज म्हणतात. रिकामं पेज शोधायचं आणि मागेल त्या प्रोग्रामला द्यायचं, एवढाच माझा पराक्रम. तोही धड नव्हता. माझा कोड मधूनच कोसळायचा आणि का, ते महिनाभर कळत नव्हतं.

शेवटी एका सकाळी नऊला कंपनीच्या साहेबांसमोर व्हिडिओवर चाचणी ठरली. पार पडली तर नोकरी कायम, नाहीतर मामाच्या ट्रेलरवर क्लीनर.

आमच्या उरणकडच्या घरात रेंज फक्त ओटीवर येते. तिथून आदल्या दिवशी मी साहेबांना फोनवर गर्जलो, "सर, फ्री पेज भरपूर. जो मागेल त्याला मिळणार. उद्या नऊला बघाच तुम्ही."

शेजारी बायजाकाकी तांदूळ निवडत होत्या. आता आमच्याकडे पेज म्हणजे काय? तांदळाची, मीठ घातलेली, गरमागरम. काकींनी ऐकलं ते इमानदारीने गावभर पोचवलं.

दुसऱ्या दिवशी नऊला लॅपटॉप उघडतो तर अंगणात वीस माणसं. पुढे आमचे चुलत आजोबा, नाना.

"नाना, ती पेज वेगळी. मेमरीची."

"मेमरीची तं मेमरीची. आमाला कंची पन चालंल."

दारात आलेल्याला परत पाठवायची आमच्याकडे पद्धत नाही. आईने पेजेचं पातेलं चढवलं. घरात वाट्या सहा. स्क्रीनवर साहेब आले, इकडे रांग ताटकळलेली. मी एक डोळा स्क्रीनवर ठेवून, खाली दिसेल ती वाटी उचलून, भरून पुढच्याच्या हातात देऊ लागलो.

नाना लोणचं आणायला आत गेले. त्यांची वाटी खाली, तळाशी दोन घोट पेज. मी तीच उचलली, वर एक डाव ओतला आणि काकींना दिली. काकी प्यायल्या. तेवढ्यात नाना परतले.

"माजी वाटी कुनी नेली?"

काकींनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मेल्या, उष्टी पेज पाजलीस मला?"

तोच स्क्रीनवरून साहेब बोलले. "थांब. तुझा कोडही हेच करतोय. पेज वापरात आहे की नाही ते न बघता मोकळं समजतोय आणि दुसऱ्याला देतोय."

महिनाभर छळणारी चूक काकींनी एका घोटात शोधली होती.

साहेबांनी त्यांनाच विचारलं, "काकी, आणखी काही सुधारणा?"

काकी कॅमेऱ्यात डोकावल्या. "आदी याला वाटी विसळाया शिकवा."

साहेब गंभीर झाले. कोड पाहिला. एकाने वापरलेलं पेज दुसऱ्याला देताना मी आतली जुनी माहिती पुसतही नव्हतो.

दोन्ही चुका दुरुस्त झाल्या, चाचणी पार पडली, कायमची नोकरी मला मिळाली. खोटं कशाला बोलू, त्या नोकरीसाठी साहेबांनी आधी काकींना विचारलं होतं. पण सुकट वाळत घातली होती म्हणून त्या नाही म्हणाल्या.